आमचा जिल्हा सॉमरसेट

इंग्लंडमधील काउंटी अजिंक्यपद स्पर्धेला अधिकृत स्वरूप आले ते १८९० साली. आज तीत अठरा संघ आहेत आणि त्यांपैकी पंधरांनी ती किमान एकदा तरी जिंकलेली आहे. २०२५चा हंगाम संपेपर्यंत ज्यांची पाटी कोरी राहिली असे तीनच संघ उरतात : ग्लॉस्टरशर, नॉर्दम्प्टनशर आणि सॉमरसेट. आम्ही या तिघांपैकी सॉमरसेटचे. सॉमरसेटचे म्हणजे आमचा जन्म तिकडचा नव्हे, तिकडे आमचे कोणी सगेसोयरेही नाहीत, आणि ज्या टाँटन गावी या संघाचे मैदान आहे ते गाव आम्ही आजतागायत पाहिलेले नाही. आम्ही पुण्याचे. तरीही गेली पंचेचाळीस वर्षे एप्रिल उजाडला की आमचे लक्ष त्या मैदानाकडे लागते, आणि सप्टेंबर सरता सरता आमच्या चेहऱ्याकडे पाहून घरातली माणसे काय घडले असावे ते ओळखतात.

हा छंद चारचौघांना समजावून सांगणे अवघड जाते. भारताचा सामना आम्ही पाहतोच. त्याला कोणी छंद म्हणत नाही. परंतु चार चार दिवस चालणारा, बहुधा अनिर्णित राहणारा आणि ज्याच्या बातमीला आपल्याकडील वर्तमानपत्रे दोन ओळींचीही जागा देत नाहीत असा सामना पाहणारा मनुष्य लोकांना चमत्कारिक वाटतो. आमच्या भाच्याने एकदा सरळच विचारले, "मामा, एवढे सतरा संघ सोडून तुम्ही नेमका हाच का धरलात?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू. मराठीत त्याला जिल्हा हाच शब्द जवळचा. सातारा विरुद्ध नगर, कोल्हापूर विरुद्ध नाशिक असे सामने सव्वाशे-दीडशे वर्षे अखंड चालू आहेत, गुणतक्ता दर आठवड्याला बदलतो आहे, आणि आजोबांनी ज्या संघासाठी जीव टाकला त्याच संघासाठी नातूही टाकतो आहे, अशी कल्पना करावी. म्हणजे इंग्रज माणसाला काउंटीबद्दल काय वाटते याचा थोडा अंदाज येईल. गुण देण्याची पद्धतही संसारी माणसाला कळेल अशी. विजयाचे गुण मोठे, ते क्वचित येतात; पण पहिल्या डावात धावांचे ठरावीक टप्पे गाठले, ठरावीक गडी बाद केले, की एकेक जादा गुण पदरात पडतो. सामना हातचा गेला तरी चार-पाच गुण कनवटीला लावून घरी येता येते. हंगामाचा हिशेब असा चिल्लरीतच जुळतो, आणि कधी कधी चिल्लरीतच हुकतो.

आमच्या बाबतीत या साऱ्याची सुरुवात सुनील गावस्कर यांच्यापासून झाली. १९८० साली वेस्ट इंडीजचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. साहजिकच सॉमरसेटचे व्हिव्ह रिचर्ड्स त्या उन्हाळ्यात आपल्या देशाकडून खेळणार होते. त्यांच्या रिकाम्या जागी सॉमरसेटने गावस्करांना बोलावले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. गावस्कर जिथे जातील तो मुलूख आपला, असा त्या वयातला साधा हिशेब. धावफलकात त्यांचे नाव शोधायचे म्हणून आम्ही सॉमरसेटचा धावफलक वाचू लागलो, आणि तो वाचता वाचता बाकीची दहा नावेही पाठ झाली. हंगाम संपला, गावस्कर परत आले. आम्ही मात्र तिथेच राहिलो.

पुढे फर्ग्युसन रस्त्यावरचे ब्रिटिश कौन्सिलचे वाचनालय हे आमचे टाँटन झाले. तिथे इंग्रजी वर्तमानपत्रे शिळी होऊन येत. मंगळवारी संपलेल्या सामन्याचा निकाल पुढच्या आठवड्यात कळे, आणि तोवर आम्ही तो सामना आमच्या मनाप्रमाणे संपवून मोकळे झालेले असू. रात्री लघुलहरींवर बीबीसीची खरखर ऐकावी, त्यातून धावसंख्या निवडून घ्यावी, असे काही उन्हाळे गेले. आता तसे राहिलेले नाही. काउंटी संघ आपले सामने इंटरनेटवरून थेट दाखवतात. तिकडे सकाळचे अकरा वाजले की आपल्याकडे दुपारचे साडेतीन होतात. आमच्या चहाबरोबर खेळ सुरू होतो, आमच्या दिवेलागणीच्या आधी त्यांचे जेवण उरकते, आमच्या जेवणाच्या वेळी त्यांचा चहा होतो आणि रात्री साडेदहाच्या सुमारास मैदान रिकामे होते. इतके सोयीचे वेळापत्रक शेजारच्या गावचेही नसते. पडद्यावर मैदानामागे सेंट जेम्स चर्चचा मनोरा दिसतो, दूर क्वांटॉकच्या टेकड्या दिसतात. मैदानाला लागून टोन नदी वाहते. इयन बोथम यांचे षटकार तिच्यात जाऊन पडत, असे आम्ही इतक्यांदा वाचले आहे की मुठेच्या पुलावरून जातानाही कधी कधी त्याची आठवण येते.

वाचनालयात बसून या संघाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा एक गंमत ध्यानात आली. सॉमरसेट काउंटी क्रिकेट क्लबची स्थापना १८७५ साली झाली ती सॉमरसेटमध्ये नव्हे, तर शेजारच्या डेव्हन परगण्यात, सिडमथ येथे. सॉमरसेटची मंडळी तिथे सामना खेळायला गेली होती आणि खेळ आटोपल्यावर तिथेच क्लब काढून परतली. ज्या संघाचा स्वतःचा जन्मच परक्या जिल्ह्यातला, त्याने दुसऱ्याला जन्मगाव विचारावे तरी कसे? आणि खरोखरच त्याने ते फारसे विचारलेले दिसत नाही. बोथम जन्माने चेशरचे, रिचर्ड्स अँटिग्वाचे, जोएल गार्नर बार्बेडोसचे. जेम्स हिल्ड्रेथ यांचा जन्म मिल्टन कीन्सचा. २००३ पासून २०२२ पर्यंत त्यांनी सॉमरसेटसाठी धावांचे डोंगर रचले आणि इंग्लंडकडून त्यांना एकही सामना खेळायला मिळाला नाही. ही सारी या घराण्याने दत्तक घेतलेली मुले.

याच्या अगदी उलट रीत यॉर्कशरची. जो यॉर्कशरच्या हद्दीत जन्मला तोच यॉर्कशरकडून खेळेल, हा तिथला दंडक. १९९२ साली त्यांनी प्रथमच परदेशी खेळाडू घेतला आणि तो मान एकोणीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरांना मिळाला. मुंबईच्या मुलाने यॉर्कशरचा दरवाजा उघडला याचा आपल्याकडे केवढा आनंद झाला! पण पुढे याच यॉर्कशरमध्ये वाढलेल्या अझीम रफिक यांनी तिथल्या वर्णद्वेषाच्या अनुभवांबद्दल २०२१ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. कागदावरची अट गेली म्हणून मनातली अट जातेच असे नाही, हे तेव्हा साऱ्या जगाला दिसले. माणूस आपला केव्हा होतो, हा प्रश्न काउंटी क्रिकेटच्या मुळाशीच आहे.

सॉमरसेटची बाजू मांडताना आम्ही त्यांचे दोषही लपवणार नाही. दत्तक घेणारे घर प्रेमळच असते असे समजण्याचे कारण नाही. १९७९ साली या क्लबला त्याच्या इतिहासातील पहिले करंडक मिळाले. एक शनिवारी, दुसरा रविवारी, असे दोन दिवसांत दोन. त्यात रिचर्ड्स आणि गार्नर यांचा वाटा किती मोठा होता हे कोणी वेगळे सांगायला नको. सात वर्षांनी, १९८६ साली, त्याच क्लबने या दोघांना पुढचा करार नाकारला. मित्रांसाठी बोथमही क्लब सोडून गेले. प्रकरण सभासदांपुढे गेले. शेप्टन मॅलेट येथे खास सभा भरली, कडाक्याचे वाद झाले आणि बहुसंख्य सभासदांनी कार्यकारिणीच्या बाजूने कौल दिला. ती बातमी वाचली त्या दिवशी या संघाशी संबंध तोडावा असे आमच्या मनात आले होते. तोडला नाही. घर सोडणे म्हणजे काय ते त्या वयात नीटसे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक झाले तोवर फार उशीर झाला होता. आज टाँटनच्या मैदानाच्या एका प्रवेशद्वाराला सर व्हिव्हियन रिचर्ड्स यांचे नाव आहे. ज्याला दाराबाहेर काढले त्याचेच नाव दाराला द्यावे, ही घराण्यांची रीत आपल्याही परिचयाची आहे.

मात्र या क्लबने एका माणसाला ज्या रीतीने सांभाळले त्याबद्दल आम्ही त्याचे कायमचे ऋणी आहोत. मार्कस ट्रेस्कॉथिक सॉमरसेटमधल्याच केन्शमचे. इंग्लंडचे सलामीचे फलंदाज, भरभरून धावा करणारे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारताच्या दौऱ्यावर असताना बडोद्याहून ते अचानक मायदेशी परतले. नक्की काय झाले ते तेव्हा सांगितले गेले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाहूनही परतावे लागले. पुढे २००८ साली आत्मचरित्रात त्यांनी आपल्या नैराश्याची आणि घरापासून दूर गेले की दाटून येणाऱ्या भयाची हकिकत मोकळेपणाने लिहिली. क्रिकेटमध्ये या विषयावर कोणी असे बोलत नसे त्या काळची ही गोष्ट. इंग्लंडसाठी त्यांची कारकीर्द संपली. पण टाँटन घराजवळ होते. तिथे ते आणखी अकरा वर्षे खेळले, सहा हंगाम कर्णधार होते, २००९ साली तर अठराशेहून अधिक धावा केल्या. जगाच्या बाजारात ज्याला उभे राहता येईना त्याला जिल्ह्याच्या मैदानात राहता आले. काउंटी क्रिकेटचा उपयोग काय, असे कोणी विचारले की आम्ही या एका माणसाकडे बोट दाखवतो.

आता त्या दुसऱ्या क्रमांकाविषयी. सॉमरसेट काउंटी अजिंक्यपदात उपविजेते ठरले ते २००१, २०१०, २०१२, २०१६, २०१८ आणि २०१९ साली. मर्यादित षटकांच्या स्पर्धा त्यांनी अनेकदा जिंकल्या आहेत. अगदी अलीकडे २०२३ आणि २०२५ साली ट्वेंटी-२०चा करंडकही आणला. त्या दिवशी आमच्या घरी श्रीखंड होते. पण सणाचे जेवण वेगळे आणि वर्षाचे धान्य वेगळे. काउंटी अजिंक्यपद म्हणजे वर्षाचे धान्य, आणि ते कोठीत अजून एकदाही आलेले नाही.

२०१०ची कथा ऐकण्यासारखी आहे. त्या वर्षी तीन स्पर्धा होत्या आणि सॉमरसेट तिन्हींत दुसरे आले. ट्वेंटी-२०च्या अंतिम सामन्यात हॅम्पशरशी धावसंख्येची बरोबरी झाली. हॅम्पशरचे गडी कमी बाद झाले होते म्हणून ते जिंकले. त्यातही अखेरच्या चेंडूवर हॅम्पशरचा जायबंदी फलंदाज, आपल्यासाठी धावणारा दुसरा उभा आहे हे विसरून, स्वतःच धावत सुटला होता. नियमाप्रमाणे त्याला धावबाद करता आले असते. मैदानावर सॉमरसेटच्या कोणाच्याच ते लक्षात आले नाही. चाळीस षटकांच्या स्पर्धेचा अंतिम सामना वॉरिकशरकडून हरले. राहिले अजिंक्यपद. सोळा सप्टेंबरला शेवटच्या दिवशी आमची मंडळी उत्तरेत ड्युरॅमविरुद्ध खेळत होती आणि नॉटिंगहॅमशर मँचेस्टरला लँकेशरविरुद्ध. पावसाने बराच खेळ धुऊन नेल्यामुळे नॉटिंगहॅमशरला विजय शक्य नव्हता. त्यांना हवे होते ते जादा गुण. त्यांनी घाईघाईने चारशे धावा केल्या, डाव सोडला आणि पाच षटके पुरी व्हायच्या आत लँकेशरचे तीन गडी बाद केले. तिसरा गडी पडताच तो शेवटचा गुण मिळाला. दोन्ही संघांचे २१४ गुण झाले. नॉटिंगहॅमशरचे विजय सात, सॉमरसेटचे सहा; म्हणून अजिंक्यपद नॉटिंगहॅमला गेले. आमच्याकडे गणेशोत्सव चालू होता. खाली आरती चालली होती आणि आम्ही वर संगणकासमोर बसून त्या दोन आकड्यांकडे पाहत होतो. घरातून विचारणा झाली, "अहो, बरोबरी झाली ना? मग दोघांना का नाही देत?" या प्रश्नाला आजही आमच्यापाशी समाधानकारक उत्तर नाही.

२०१६ साली तर सॉमरसेटने आपले काम पूर्ण केले होते. शेवटच्या सामन्यात नॉटिंगहॅमशरला त्यांनी तिसऱ्याच दिवशी हरवले. त्या सामन्यात हिल्ड्रेथ यांचा घोटा चेंडू लागून मोडला होता. तशा पायाने उभे राहून त्यांनी १३५ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी लॉर्ड्सवर मिडलसेक्स आणि यॉर्कशर यांचा सामना संपायचा होता. तो अनिर्णित राहिला तर अजिंक्यपद सॉमरसेटचे. दोघांपैकी कोणीही जिंकला तर त्याचे. टाँटनला खेळाडू दूरचित्रवाणीसमोर बसून होते. सामना अनिर्णिताकडे झुकू लागला तेव्हा लॉर्ड्सवरच्या दोन्ही कर्णधारांनी आपसात ठरवले : यॉर्कशरने सोपी गोलंदाजी टाकून मिडलसेक्सला भरभर धावा करू द्याव्यात आणि मिडलसेक्सने डाव सोडून चाळीस षटकांत २४० धावांचे आव्हान द्यावे. तसे झाले. टोबी रोलंड-जोन्स यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद करून सामना संपवला. मिडलसेक्स ६१ धावांनी जिंकले.

हा अन्याय होता असे अनेक सॉमरसेटवाले आजही म्हणतात. आम्ही तसे मानत नाही. ज्या दोघांना जिंकण्याची संधी होती त्यांनी ती सोडून हात बांधून उभे राहावे आणि मैदानात नसलेल्या तिसऱ्याला करंडक नेऊ द्यावा, ही अपेक्षा करणे खेळाला धरून झाले नसते. त्यांनी पराभवाचा धोका पत्करला, आणि तो पत्करणाऱ्या दोघांपैकी एक हरलाही. पण मन असे न्यायाधीशासारखे नेहमी वागत नाही. त्या रात्री आम्ही जेवलो नाही हेही नमूद केले पाहिजे.

२०१९ साली पुन्हा शेवटच्या सामन्यात निकाल लागायचा होता, तोही टाँटनलाच, एसेक्सविरुद्ध. सॉमरसेटला विजय आवश्यक होता आणि पाऊस थांबेना. अखेरच्या दिवशी सॉमरसेटने दुसरा डाव न खेळताच सोडून दिला आणि तासाभरात एसेक्सचे दहा गडी बाद करण्याची अशक्य खटपट आरंभली. ती साधायची नव्हती. दिवस संपत आला तेव्हा बदली क्षेत्ररक्षक म्हणून ट्रेस्कॉथिक मैदानात उतरले. सत्तावीस हंगामांची कारकीर्द त्या दिवशी संपत होती. दोन्ही संघांनी टाळ्या वाजवल्या, प्रेक्षक उभे राहिले. अजिंक्यपद एसेक्सला गेले. पण त्या क्षणी मैदानावरचे सगळे जण ज्याच्याकडे पाहत होते तो माणूस आमचा होता.

पंचांग पाहिले तर २०१६ आणि २०१९चे हे दोन्ही शेवट पितृपक्षात आले होते. पितृपक्षात नवे काही घरात आणू नये असे आपल्याकडे म्हणतात. सॉमरसेटने तो नियम तंतोतंत पाळला. २०२४ सालच्या सप्टेंबरात ट्वेंटी-२०चा अंतिम सामना ते शेजारच्या ग्लॉस्टरशरकडून हरले, एकदिवसीय स्पर्धेचा ग्लॅमॉर्गनकडून; आणि टाँटनला सरेला हरवून अजिंक्यपदाची जी आशा निर्माण केली होती ती पुढच्याच सामन्यात लँकेशरने संपवली. कोलरिजने 'कुब्ला खान' ही कविता याच परगण्यात लिहिली. ती अपुरी का राहिली याचे त्याने दिलेले कारण साहित्याच्या वाचकांना ठाऊक आहे : लिहीत असताना पोर्लॉक गावाहून कोणी तरी कामासाठी आला आणि परत येऊन बसतो तो उरलेली कविता मनातून पुसली गेली होती. पोर्लॉक सॉमरसेटमध्येच आहे. अगदी पुरे होत आले की दारावर थाप पडावी, हे तिकडच्या मातीतच असावे.

यात आम्हाला फार जड गेले नाही, कारण आमची तालीम घरीच झालेली होती. पुण्याचा माणूस रणजी करंडकात मुंबईचा नसतो, महाराष्ट्राचा असतो. मुंबईने तो करंडक बेचाळीस वेळा जिंकला आहे. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा, प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीन अंतिम सामने आपण खेळलो आणि तिन्ही हरलो. ज्याने देवधरांच्या गोष्टी वडिलांकडून आणि वडिलांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकल्या, त्याला करंडकावाचून संघावर जीव कसा लावायचा हे शिकवावे लागत नाही. भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. आम्ही सॉमरसेट निवडले नाही. आम्हाला आमच्याच घरासारखे दुसरे घर सापडले.

उरलेले अर्धे उत्तर देताना मात्र आवाज थोडा जड होतो. २०२१ पासून इंग्लंडमध्ये 'द हंड्रेड' ही शंभर चेंडूंची स्पर्धा सुरू झाली. तीत आठ संघ आहेत आणि टाँटनला त्यांपैकी एकही नाही. ऐन ऑगस्टमध्ये, जेव्हा तिकडे खरे ऊन पडते आणि मुलांना सुटी असते, काउंटी अजिंक्यपद थांबते आणि चांगले खेळाडू त्या आठ संघांत वाटले जातात. चार दिवसांचे सामने वसंतातल्या थंडीकडे आणि शरदातल्या पावसाकडे बरेचसे ढकलले गेले आहेत. २०२५ साली या आठ संघांतले हिस्से विकण्यात आले. ओव्हलच्या संघाचा एकोणपन्नास टक्के हिस्सा मुंबई इंडियन्सच्या मालकांनी घेतला. लीड्सचा संघ, म्हणजे ज्या यॉर्कशरमध्ये एकेकाळी बाहेरच्या माणसाला पाय ठेवता येत नव्हता तिथला संघ, सबंधच सनरायझर्स हैदराबादच्या मालकांकडे गेला.

एका अर्थाने काळाचा हा सूड आहे आणि आपल्याकडच्या अनेकांना त्याचा अभिमान वाटला. आम्हाला तो वाटला नाही, आणि का वाटला नाही ते नीट सांगितले पाहिजे. पैसा वाईट असे आमचे म्हणणे नाही. गावस्कर आणि रिचर्ड्सही तिकडे मोबदला घेऊनच खेळले. अनेक काउंटी कर्जात होत्या, आणि या विक्रीच्या रकमेतला वाटा सॉमरसेटसह अठराही काउंटींना मिळणार आहे. त्यातून टाँटनचे छप्पर दुरुस्त होणार असेल तर तक्रार कोण करील? आमचा प्रश्न वेगळा आहे. विकत घेतलेल्या गोष्टीने परतफेड करावी लागते. तिने जिंकावे लागते, प्रेक्षक आणावे लागतात, नाही तर तिचे नाव बदलते, रंग बदलतात, एखादे दिवशी तिचे गावही बदलते. दत्तक घेतलेल्या नात्यात अशी परतफेड नसते. सॉमरसेटने आम्हाला काही दिले पाहिजे असे कधी ठरले नव्हते, म्हणूनच त्याने सहा वेळा दुसरे येऊनही आमचा काही करार मोडला नाही. अठरांपैकी पंधरा काउंटी क्लब आजही त्यांच्या सभासदांच्या मालकीचे आहेत आणि सॉमरसेट त्यांत आहे. शेप्टन मॅलेटच्या सभेत त्या सभासदांनी आमच्या मते चुकीचा कौल दिला. पण कौल देण्याचा अधिकार त्यांचा होता. दूरच्या कुठल्या कचेरीतून तो निर्णय आला नव्हता. २०२५ साली अजिंक्यपदाचे सामने प्रत्येक संघाला चौदाऐवजी बाराच द्यावेत असा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा अनेक ठिकाणच्या सभासदांनी आवाज उठवला आणि सामने चौदाच राहिले. पुढच्या खेपेला काय होईल ते सांगता येत नाही.

भाचा आता मोठा झाला आहे. परवा त्याने जुना प्रश्न थोडा बदलून विचारला, "मामा, समजा सॉमरसेट एकदाचे जिंकले, तर मग तुम्ही काय करणार?" आम्ही म्हटले, पुढच्या एप्रिलात पुन्हा पाहणार. त्याला ते उत्तर टाळाटाळीचे वाटले असावे. आमचे भय त्यांच्या हरण्याचे नाही. ते आता अंगवळणी पडले आहे. भय आहे ते त्यांनी ज्या दिवशी जिंकावे त्या दिवशी ती स्पर्धाच ओळखू न येण्याजोगी झालेली असावी याचे. चौदा सामने, चार चार दिवस, पावसाने गेलेली सत्रे, एकेका गुणासाठी चाललेली ती मारामार, यांतून गाळून आलेले अजिंक्यपदच आम्हाला हवे आहे. ते आमच्या हयातीत आले तर उत्तमच. न आले तर टाँटनला कोणाचा तरी नातू ते पाहील, आणि हा दत्तक नातेवाईकाचा वाटा त्यानेच खुशाल घ्यावा. तोवर दर एप्रिलात, दुपारी साडेतीनला, आम्ही चहा घेऊन बसलेलो असू.